करगोट्याची साक्ष

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी यंदा चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा गुरुजी चरीच्या शेतकरी संपावर बोलतील असे पुष्कळांस वाटले असेल. त्या संपाचा उल्लेख आमच्या बोलण्यात येणार आहे. परंतु आजचा विषय निराळा आहे. तो म्हणजे आपल्या पोटाचा घेर. विषय ऐकून कोणास हसू आले तरी आमची हरकत नाही. मात्र शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, एवढीच विनंती.

आम्ही वैद्य नव्हे, की डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि खारेपाटातील मुलांस बाराखडी व पाढे शिकविण्यात आयुष्य वेचले. जे वाचले, जाणत्या डॉक्टरांकडून समजावून घेतले आणि स्वतःच्या घरात व शाळेत पाहिले, तेवढेच आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आमच्या लहानपणी आजी दर दिवाळीस आम्हां भावंडांच्या कमरेस नवा काळा करगोटा बांधीत असे. जुना करगोटा रुतू लागला की तिला कोण आनंद होई! पोर अंगाला लागले, असे ती शेजारणीस सांगे. वाढत्या मुलाच्या बाबतीत तो आनंद योग्यच होता. परंतु चाळिशीच्या माणसाचा करगोटा रुतू लागला, तर ती साक्ष निराळी असते. ती साक्ष आपण ऐकत नाही. करगोटाच तोडून टाकतो आणि विजार एक अंक मोठी आणतो.

मेदवृद्धी हा केवळ आजच्या काळाचा शोध नव्हे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात आठ निंदित पुरुष सांगितले आहेत, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोन्ही आहेत. अतिस्थूलतेची कारणे सांगताना आचार्यांनी अतिभोजन, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोप यांबरोबर बीजाचा स्वभाव हेही एक कारण दिले आहे. म्हणजे लठ्ठपणा हा सर्वस्वी खादाडपणाचा परिणाम नव्हे, हे प्राचीनांसही ठाऊक होते. अर्वाचीन शास्त्राने त्या बीजाच्या, रक्ताच्या आणि गर्भाच्या खुणा शोधून काढल्या. त्या खुणांस आपण जैविक खुणा म्हणू. आकाशातील ढगांवरून जसा पाऊस ओळखावा, तसा या खुणांवरून रोग येण्यापूर्वीच ओळखता येतो.

प्रथम सर्वांत सोपी खूण घेऊ. फळ्यावर मांडतो तसे गणित मांडू. आपले वजन किलोत घ्यावे, त्यास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. एखाद्या गृहस्थाची उंची १६५ सेंटिमीटर असेल, तर १.६५ गुणिले १.६५ म्हणजे सुमारे २.७२. त्याचे वजन ६८ किलो असेल, तर भागाकार आला २५. युरोपीय माणसास २५ पर्यंत कोणी स्थूल म्हणत नाही. त्यांच्याकडे स्थूलतेची रेषा ३० वर आहे. परंतु भारतातील तज्ज्ञांनी २००९ साली आपल्यासाठी निराळी रेषा आखली: २३ पासून अधिक वजन आणि २५ पासून स्थूलता. कमरेचे मापही असेच. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, याहून अधिक नसावी.

हा भेद का? आपल्यावर हा अन्याय का? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळाले, याचा आम्हांस अभिमान वाटतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. २००४ साली त्यांनी आपल्या दोघांचे छायाचित्र लँसेट या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापले. आपण आत्ता केलेला भागाकार दोघांचाही एकच होता, २२.३; म्हणजे पाहणाऱ्यास दोघेही सडसडीत. परंतु यंत्राने शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिनसाहेबांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! लेखात त्यांनी विनोदही केला आहे की, युडकिन लांब पल्ल्याच्या शर्यती धावतात आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयातील लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी ते गाठण्यासाठी धावणे. तथापि त्याच लेखात एक गंभीर वाक्यही आहे: जन्माच्या वेळी याज्ञिकांचे वजन कमी होते.

त्या वाक्याचे मर्म समजण्यासाठी पुण्याजवळील सहा खेड्यांत गेले पाहिजे. १९९३ पासून डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील विवाहित स्त्रियांची गर्भारपणापूर्वीपासून पाहणी केली. त्या माता तरुण, कष्टाळू आणि शेतावर राबणाऱ्या; गर्भारपणापूर्वी त्यांचे सरासरी वजन अवघे ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडातील साउदम्प्टन येथील बाळे सरासरी ३.५ किलोंची. आपली बाळे लहान, हे काही नवल नव्हे. नवल पुढेच आहे. बाळाचे स्नायू लहान, पोटातील अवयव लहान. परंतु खांद्याच्या पात्याखालील कातडीची घडी मोजली, तेव्हा तेथील चरबी मात्र जवळजवळ गोऱ्या बाळांइतकीच! म्हणजे बाळ वजनाने कृश आणि चरबीने स्थूल. नाळेच्या रक्तातही आकाराच्या मानाने इन्सुलिन आणि लेप्टिन ही द्रव्ये अधिक आढळली. पोटुशा बाईस पोटभर मिळाले नाही, म्हणून गर्भाने काटकसर केली. मेंदू राखला, चरबी राखली, आणि स्नायूंचा खर्च कमी केला. दुष्काळाच्या दृष्टीने ही मोठी शहाणी काटकसर होती. परंतु तेच बालक पुढे सुकाळात वाढले, तर ती काटकसरच त्याच्या मुळावर येते.

आता चरीच्या संपाकडे वळतो. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील पंचवीस गावांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. आपल्या आगरी कुळांनी तेव्हा काय सोसले, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे. त्या पराक्रमाची आठवण आपण दरवर्षी काढतो. परंतु त्या सहा वर्षांत ज्या घरांत पाळणे हलले, त्या घरांतील माउलींनी काय खाल्ले असेल, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

आमची आई त्याच वर्षांतील. आयुष्यभर ती काडीसारखी बारीक. मिठागरावर पाटी वाहिली, चिखलात लावणी केली. पन्नाशीच्या सुमारास तिला मधुमेह जडला, तेव्हा गावात कोणी विश्वास ठेवीना. साखरेचा आजार सावकारांना होतो, या हडकुळ्या बाईला कसा होईल, असे लोक म्हणत. आम्हीही तसेच म्हणालो, आणि त्यात औषधाची दोन वर्षे वाया गेली. पुण्याच्या खेड्यांतील निष्कर्ष आपल्या खारेपाटास जसाच्या तसा लावावा, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तो वाचला तेव्हा आम्हांस आईची आठवण झाली, हे लपविण्यात अर्थ नाही.

भुकेची खूण किती काळ टिकते, याचे एक उदाहरण युरोपातही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडच्या पश्चिम भागात जर्मनांच्या नाकेबंदीमुळे भयंकर दुर्भिक्ष पडले. त्या दुर्भिक्षात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या रक्ताची तपासणी सुमारे साठ वर्षांनी झाली. वाढीशी संबंध असलेल्या एका जनुकावरील रासायनिक खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा निराळ्या आढळल्या. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. जनुक तेच, परंतु त्यावरील शेरा निराळा. शाळेच्या दाखल्यावर जसा एखादा शेरा आयुष्यभर राहतो, तसाच हा.

आता दुसरी एक गोष्ट, जी ऐकून आमची मान खाली गेली. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिनचे जनुक शोधून काढले. लेप्टिन चरबीतून निघते आणि मेंदूस सांगते की, कोठार भरले आहे, आता पुरे. १९९७ साली इंग्लंडात पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील दोन चुलत भावंडे तपासली गेली. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, वजन २९ किलो. त्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. कोठार भरल्याचा निरोपच मेंदूस पोचत नव्हता. मग त्या लेकरांनी हात आखडावा कसा? मुलीस रोज लेप्टिन टोचू लागताच वर्षभरात तिचे वजन सुमारे १६ किलोंनी उतरले. तेव्हा तिला हावरट म्हणणारे किती चुकले होते! असे रोगी फार विरळ असतात, हे खरे. सर्वसाधारण स्थूल माणसात लेप्टिन भरपूर असते, परंतु मेंदू त्यास दाद देत नाही. तसेच २००७ साली एफटीओ नावाचे एक जनुक उमगले. त्याचा एक प्रकार आई व बाप या दोघांकडून आला, तर युरोपीयांत सरासरी तीन किलो वजन अधिक भरते. मात्र जो शरीर हलवितो, त्याच्या अंगी त्या जनुकाचा प्रभाव सुमारे चतुर्थांशाने कमी होतो, असेही पुढे दिसून आले. म्हणजे बीज बलवान आहे, पण सर्वशक्तिमान नाही.

आमची मान का खाली गेली, ते आता सांगतो. शाळेत प्रार्थनेनंतर आम्ही नखे, दात व मान यांची स्वच्छता तपासत असू. एका वर्षी चौथीत एक गुटगुटीत मुलगा होता. त्याच्या मानेवर मागील बाजूस काळपट, जाडसर, मखमलीसारखा पट्टा होता. आम्ही त्यास मळ समजलो. सर्वांदेखत त्यास विहिरीवर पाठविले आणि नारळाच्या शेंडीने मान घासून येण्यास सांगितले. मान लाल झाली. पट्टा गेला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठविले. मुले त्यास नावे ठेवू लागली. तो कबड्डीच्या मैदानावर येईनासा झाला, आणि पुढे शाळेतही मागच्या बाकावर भिंतीशी पाठ लावून बसू लागला, की मान कोणास दिसू नये.

पंचवीस वर्षांनी तो आम्हांस अलिबागच्या एसटी स्थानकावर भेटला. वाकून पाया पडला. मधुमेहाच्या गोळ्या घेऊन घरी चालला होता. हसून म्हणाला, "गुरुजी, तो मळ नव्हता." डॉक्टरांनी त्यास सांगितले होते की, शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले म्हणजे रक्तातील इन्सुलिन वाढते आणि मान, काख अशा ठिकाणी कातडी अशी काळी व जाड होऊ लागते. म्हणजे निसर्गाने त्या पोराच्या मानेवर पंचवीस वर्षे आधी सूचना लिहून ठेवली होती. ती वाचण्याचे काम आमचे होते; आम्ही ती घासून काढावयास निघालो होतो. ज्याने अक्षरे शिकविली, त्यालाच ते अक्षर वाचता आले नाही. मंडळी हो, हे ऋण आमच्या डोक्यावर आहे. आजचे भाषण हा त्यातील पहिला हप्ता समजावा. मानेवरील प्रत्येक काळेपणा म्हणजे हाच विकार, असे नव्हे. परंतु अशी खूण दिसली तर साबण बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

इतर खुणा रक्तात असतात. उपाशीपोटी साखर १०० ते १२५ असेल, तर मधुमेह उंबरठ्यावर आहे. १२६ वा त्याहून अधिक भरली, तर घरात आला आहे, आणि मग डॉक्टर पुन्हा तपासून खात्री करून घेतात. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए-वन-सी तपासणी ५.७ च्या खाली असावी; ६.५ पासून मधुमेह म्हणतात. ट्रायग्लिसराइड नावाची चरबी १५० च्या आत असावी. यकृतात साठलेली चरबी सोनोग्राफीत दिसते. एवढ्या तपासण्या वर्षातून एकदा करावयास हळदीच्या एका रात्रीच्या खर्चाचा शतांशही लागत नाही.

हळदीचा विषय निघालाच आहे, तर स्पष्ट बोलतो. आपले पूर्वज गरीब होते, परंतु त्यांचे अंग दिवसभर राबत असे. बांधबंदिस्ती, लावणी, झोडणी, मिठागर, खाडीतील मासेमारी, हाच त्यांचा व्यायाम. पुढे बंदर आले, कारखाने आले, उरण-पनवेलकडे जमिनी गेल्या. १९८४ साली त्या जमिनींसाठी आपल्या पाच जणांनी प्राण दिले. मोबदला हाती आला आणि नांगर हातचा सुटला. हंडा उचलणारी कंबर मोकळी झाली, हे चांगलेच झाले. परंतु ती कंबर दुसऱ्या कशास लागली नाही. दारात दुचाकी आली. वाण्याचे दुकान शंभर पावलांवर असले तरी आपण तीवर बसूनच जातो. न्याहारीस तांदळाच्या भाकरीऐवजी खारी-बटर, वालाच्या उसळीऐवजी फरसाण, आणि पाहुण्यास ताकाऐवजी बाटलीतील गोड पाणी. काटकसर शिकून आलेल्या शरीरावर हा सुकाळाचा मारा आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने २०२३ साली दाखवून दिले की, देशात दहा कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३९.५ टक्क्यांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. त्यांत आपली घरे नाहीत, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

यावर उपाय कोणते? आम्ही केवळ पाच गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट, भावी मातेचे ताट. पुण्याच्या त्या पाहणीत असे दिसले की, ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक वजनाची झाली. त्या मातांपैकी बहुसंख्य स्त्रियांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. आणि ज्यांच्यात ब-१२ कमी व फोलेट अधिक, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्सुलिनला कमी दाद देणारी निघाली. यावरून गर्भिणीने डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडाव्यात, असा उलटा अर्थ कोणी काढू नये. ब-१२ देखील पुरेसे हवे, एवढाच अर्थ. ते जीवनसत्त्व मासळी, अंडी व दुधात असते, आणि तिसऱ्यांत तर विपुल असते. आपला समुद्र ते फुकट देतो. परंतु कालवणातील तुकडे पुरुषांच्या ताटात आणि रस सुनेच्या ताटात, ही रीत चालू असेल, तर समुद्राने तरी काय करावे? सून शेवटी जेवते त्या घरातील नातवाचा मधुमेह तेथेच पेरला जात असेल, हे सासवांनी ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट, आपली सुदृढ बालक स्पर्धा. आम्ही स्वतः तीन वर्षे तिचे परीक्षक होतो आणि जे बाळ अधिक लठ्ठ, त्यास निःशंकपणे चांदीची वाटी दिली. पुढील वर्षापासून वयाप्रमाणे वजन व उंची, लसीकरण आणि मातेचे आरोग्य पाहून बक्षीस द्यावे.

तिसरी गोष्ट, संमेलनात मापाची फीत आणि वजनकाटा. आडोशाला एक टेबल मांडावे; स्त्रियांसाठी निराळे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, फीत लावावी. आकडा चिठ्ठीवर लिहून ज्याचा त्याच्या हाती द्यावा. तो आकडा मंडळाच्या दप्तरी राहता कामा नये, आणि वधू-वर सूचक वहीत तर मुळीच जाता कामा नये. आरोग्याची खूण म्हणून जे मोजावयाचे, ते मुली नाकारण्याचे साधन झाले, तर त्यापेक्षा न मोजलेले बरे.

चौथी गोष्ट, हालचाल आणि आहार. चेन्नई येथील डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांस नियमित चालणे आणि मिताहार यांचा पाठ दिला. तीन वर्षांत मधुमेहाचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले, असे २००६ साली प्रसिद्ध झाले. आपल्यास मैदान शोधावयास नको; मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत किनारा पसरलेला आहे. भाताचा एक डाव कमी करावा, वालाची उसळ व भाजी एक डाव वाढवावी. सुकी मासळी दोनदा धुऊन घ्यावी, म्हणजे मीठ कमी होते. हळदीचे जेवण एका वेळेचे ठेवावे. २०२५ सालापासून आठवड्यातून एकदा टोचावयाची नवी औषधे आपल्या देशातही मिळू लागली आहेत. ज्यांस डॉक्टर सांगतील त्यांनी ती अवश्य घ्यावीत, परंतु शेजाऱ्याने घेतली म्हणून कोणी घेऊ नयेत.

पाचवी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण. लठ्ठ मुलास कोणी ढब्बू म्हणू नये, आणि हडकुळ्या माणसास तुला काय होणार आहे असे म्हणू नये. पहिल्या शब्दाने आम्ही एका विद्यार्थ्याचे मैदान हिरावून घेतले; दुसऱ्या शब्दाने आमच्या आईच्या औषधाची दोन वर्षे गेली.

या पाचांपैकी दुसरी व तिसरी गोष्ट मंडळाच्या हातची आहे. त्यांचा ठराव आजच मांडावा, अशी अध्यक्षमहाराजांस आमची नम्र विनंती आहे. ठराव झाल्यास फीत घेऊन पहिल्या टेबलापाशी आम्हीच उभे राहू, आणि पहिले माप आमचे स्वतःचे देऊ. खरे सांगावयाचे तर आज सकाळीच ते घेतले: ९६ सेंटिमीटर. म्हणजे परीक्षा घेणारे गुरुजीच अनुत्तीर्ण आहेत. पुढील संमेलनास उत्तीर्ण होऊन येण्याचा प्रयत्न करू; आपणही सर्वांनी आमच्या बरोबर बसावे.